राखणीचे बारा तास

रेव्हरंड सदानंद भिंगारदिवे पहिल्यांदा वारले ते फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वासात वाजता, दाढी करताना. एका गालाला साबण तसाच राहिला होता. एस्तेरबाई स्वयंपाकघरात चहासाठी आलं किसत होत्या. पाण्याचा मग फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग दुसरा कसलाच आवाज आला नाही, तेव्हा त्या किसणी हातात घेऊनच धावल्या.

एकतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. मानेवर दोन बोटं ठेवल्यावर काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी दारामागचं बटण दाबून गाडी बोलावली, नवऱ्याला सरळ निजवलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. त्यांचं स्वतःचं वय शहात्तर. अठरा मिनिटांनी तालुक्याची गाडी हिवरगावात पोचली, तोवर त्यांची दोन्ही मनगटं सुजली होती. हात मात्र थांबले नव्हते.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाळकसाहेबांच्या हृदयाचा पहिला ठोका पडला. जवळजवळ आठ तास ते नव्हते.

असं परत येणं एव्हाना नवलाचं राहिलं नव्हतं. सरकारी कागदांत त्या यंत्राचं नाव 'पुनर्वाह' होतं; लोक त्याला 'उठवणी' म्हणत. त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. हृदय थांबलं की माणूस मेला, असं पिढ्यान् पिढ्या धरून चाललं होतं. पण शरीरातल्या पेशी ते मानत नव्हत्या. रक्त थांबलं तरी मेंदूतल्या पेशी लगेच मरत नाहीत. काम आवरतं घेऊन, दिवे मालवून त्या गप्प बसून राहतात. खरा घात होतो तो पुढे, रक्त एकदम परत सोडलं की. उपाशी पेशींवर प्राणवायूचा लोंढा येऊन आदळतो आणि त्या गोंधळात पेशी स्वतःच स्वतःचा नाश करून घेतात. पुनर्वाहात रक्ताऐवजी एक फिकट निळसर द्रव फिरवत. तो प्राणवायू अगदी बेताबेताने पोचवायचा आणि पेशींचा तो आत्मनाश रोखून धरायचा. आधी शरीर गार करायचं, मग हळूहळू ऊब द्यायची. सगळं जमून आलं की शेवटी हृदयाला एक हलका धक्का.

शरीर वेळेत गार केलं तर हृदय थांबल्यापासून बारा तासांच्या आत यंत्र कधीही सुरू करता यायचं. त्यानंतर नाही. म्हणून कायद्याने मरणाची व्याख्याच बदलून टाकली होती. बारा तास उलटल्याशिवाय मृत्यूचा दाखला मिळत नसे. ज्यांना उठायचं नसेल त्यांनी आधी नकाराचा कागद सही करून ठेवायचा; घरच्यांनी शेवटच्या घडीला मागे घेतला तरच तो रद्द होई. कागद नसला आणि घरच्यांनी अडवलं नाही, तर यंत्र लावायचं. पाळकसाहेबांनी कागद केला नव्हता. खरं तर त्यांनी त्यावर कधी विचारच केला नव्हता.

शब्द परतायला त्यांना बारा दिवस लागले. आधी 'पाणी' आलं, मग 'एस्तेर', मग एकदम पूर्ण वाक्यं. बाराव्या दिवशी दुपारी खोलीत दोघंच होती. एस्तेरबाई संत्र सोलत होत्या. त्यांच्यापाशी एकच प्रश्न होता आणि तो त्रेचाळीस वर्षं जुना होता.

"शमू भेटला का हो?"

शमुवेल हा त्यांचा मुलगा. लग्नानंतर नवव्या वर्षी झालेला आणि वयाच्या सातव्या वर्षी गेलेला. वडील पेटी वाजवत तेव्हा हा मागून भाता ओढायचा आणि गाणं रंगात आलं की मुद्दाम हळू ओढायचा, म्हणजे सूर म्हाताऱ्यासारखा कण्हायला लागे आणि अख्खी मंडळी हसे. वडिलांच्या एम-एटी मोपेडवर पुढे उभा राहून बाजारात जायचा आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. 'कृषी सेवा केंद्र' वाचता आलं त्या दिवशी त्याने वाटेत भेटेल त्याला ते ऐकवलं होतं. एप्रिलमध्ये कालव्याला आवर्तन सुटलं. धरणाचं गार पाणी काठोकाठ वाहत होतं. शाळा सकाळची होती. दुपारी बाराच्या सुमाराला त्याला उसाच्या ट्रॅक्टरवर घालून मिशनच्या दवाखान्यात आणलं तेव्हा एस्तेरबाई तिथेच कामावर होत्या. चाळीस मिनिटं त्यांनी त्याची छाती दाबली. मग डॉक्टरांनी मान हलवली. उन्हाळा असल्यामुळे त्याच संध्याकाळी सहाला त्याला मातीत ठेवलं.

त्या दिवसापासून पाळकसाहेब एकच गोष्ट सांगत आले होते. "देवाने त्याला नेलंय, एस्तेर. तो तिथे आहे. मी तुझ्याआधी जाईन आणि त्याला भेटेन." या वाक्याच्या आधारावर एस्तेरबाई दुसऱ्या महिन्यात पुन्हा कामावर गेल्या होत्या. याच वाक्याच्या आधारावर त्यांनी त्रेचाळीस वर्षं काढली होती.

पाळकसाहेबांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले.

"मग कोण भेटलं?"

"कुणी नाही. काही नव्हतंच, एस्तेर. अंधारसुद्धा नव्हता. मी दाढी करत होतो, आणि मग तुझा हात होता. मधलं काहीच नाही."

एस्तेरबाईंनी संत्र्याच्या फोडी बशीत नीट मांडल्या. "पडा जरा," म्हणाल्या आणि त्यांच्या पायांवर पांघरूण ओढून बाहेर गेल्या. बाकावर बसल्यावर त्यांना जाणवलं की आपण संत्र्याची सालं मुठीत घेऊनच बाहेर आलोय.

घरी सोडायच्या दिवशी पाळकसाहेबांनी डॉक्टर टिळेकरांना विचारलं, "डॉक्टर, मी मेलो होतो का?"

डॉक्टर टिळेकर चाळिशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या होत्या. "साहेब, हे मला रोज कुणी ना कुणी विचारतं. नाही. ज्यातून परत येता येतं त्याला आता आम्ही मरण म्हणतच नाही. तुम्ही उंबरठ्यापर्यंत गेलात. आत गेला नाहीत."

पाळकसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. परतीच्या गाडीत त्यांना बोलण्याचा हुरूप आला. "ऐकलंस ना? मी गेलोच नव्हतो. मग तिथलं काही दिसणार कसं? घराच्या पायरीवर उभं राहून आतली माणसं दिसत नाहीत. इतके दिवस मी उगीच मनाला लावून घेतलं होतं."

एस्तेरबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता.

"म्हणजे शमूसुद्धा गेला नव्हता," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"सहाच तास झाले होते," त्या म्हणाल्या. "पाणी गार होतं. तो पायरीवरच होता आणि आपण त्याला पुरला. तुम्ही प्रार्थना म्हटलीत. मी माती टाकली."

"एस्तेर, तेव्हा यंत्रच नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. यंत्र नव्हतं. आणि तुम्ही मला सांगत होतात, देवाने नेलं."

त्यानंतर त्या घरात बोलणं कमी झालं. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. औषधं वेळेवर दिली जात, पथ्याची भाजी होत असे. पण पाळकसाहेब खरोखर मेले होते असं धरलं तर पलीकडे कुणीच नव्हतं, आणि ते मेले नव्हते असं धरलं तर आपण पोटचं पोर जितेपणी मातीत घातलं, यांतलं काय सोसवेल हे एस्तेरबाईंना ठरवता येत नव्हतं. एका बाजूने विचार केला की शमू हरवत होता आणि दुसऱ्या बाजूने केला की त्यांना स्वतःचे हात बघवत नव्हते. रविवारी त्या चर्चला जाईनाशा झाल्या. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. पाळकसाहेब दुपारी जुन्या पेटीसमोर बसत आणि न वाजवता उठत.

मार्चच्या मध्याला दौलतराव पारधे भेटायला आले. मंडळीतले जुने पंच, पाळकसाहेबांचे दोस्त, बायको गेल्यापासून एकटे. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"साहेब, ईस्टरला तुम्हीच बोलायचं. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. साक्ष द्या."

"कसली साक्ष, दौलतराव? मला काही दिसलं नाही."

"थोडा उजेड तरी दिसला असेल."

"नाही."

"आठवत नसेल. आजारपणात माणूस विसरतो." दौलतरावांनी आवाज खाली आणला. "साहेब, माझ्या कमलने कागद केला होता. मला उठवू नका म्हणाली. तुमच्या प्रवचनावर भरवसा ठेवून सही केली तिने. मी बारा तास तिच्या उशाशी बसलो होतो. यंत्र दारात उभं होतं आणि मी हो म्हटलं नाही. तुम्ही दोन शब्द बोललात तर मला बरं वाटेल. खरंखोटं कोण बघतंय?"

दाराआडून एस्तेरबाईंनी हे ऐकलं. नवरा काय उत्तर देतो याकडे त्यांनी कान लावले, पण आतून काहीच ऐकू आलं नाही.

ईस्टरला त्या गेल्या. मागच्या बाकावर, दाराजवळ बसल्या. चर्च भरून लोक बाहेर मांडवात बसले होते. संगमनेर, राहुरीपासून माणसं आली होती. मेलेला पाळक पुनरुत्थानाच्या दिवशी बोलणार, याहून मोठं काय असायचं? वेदीला पांढऱ्या शेवंतीच्या माळा होत्या. तरुण पाळक प्रफुल्ल साळवे यांनी सदानंदांना हाताला धरून वर नेलं.

त्यांनी मंडळीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "मला काही दिसलं नाही. आठ तास गेले आणि मला काही दिसलं नाही. दुसरं काही सांगितलं तर ते खोटं होईल."

ते पुढे बोलू लागले.

"मला दुसरंच एक सांगायचंय. मी चाळीस वर्षं या गावात माणसं पुरली. ज्या ज्या घरात गेलो तिथे म्हणालो, देवाने नेलं. लेकरं गेली तेव्हासुद्धा तेच म्हणालो. माझं गेलं तेव्हासुद्धा. आज कळतंय की त्यांतल्या किती जणांना आम्ही वाचवू शकलो असतो. वाचवणं आम्हाला येत नव्हतं. 'आम्हाला येत नाही' हे म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी देवाचं नाव पुढे केलं. ज्यांना ज्यांना मी असं सांगितलं त्यांची मी माफी मागतो. आणि सर्वांत आधी माझ्या बायकोची."

दोन कुटुंबं उठून बाहेर गेली. चपलांचा आवाज झाला. मग पुढच्या बाकावरून दौलतराव उभे राहिले.

"मग माझी कमल कुठे आहे, साहेब?"

"मला माहीत नाही, दौलतराव. मी माहीत असल्यासारखा बोलत आलो. माहीत नव्हतं, भरवसा होता. या दोन्हींत फरक आहे आणि तो मी तुम्हाला सांगायला हवा होता."

"मग आता भरवसा तरी आहे का?"

साळवे त्यांना खाली न्यायला पुढे सरसावले.

"आहे," सदानंद म्हणाले. "का आहे ते विचारू नका. पूर्वी पुष्कळ कारणं देत असे. आता एकही देता येत नाही, तरी सकाळी उठलो की हात जोडले जातात."

दौलतराव खाली बसले. ते बाहेर गेले नाहीत.

दुपारी, ऊन उतरल्यावर, दोघं कबरस्तानात गेली. कित्येक वर्षांनी एकत्र. शमूच्या दगडावर शेवाळ वाळून काळं पडलं होतं. एस्तेरबाई कडेच्या कट्ट्यावर बसल्या.

"तुम्ही सगळ्यांसमोर माफी मागितलीत. मलाही एक सांगायचंय. मी थांबले, म्हणून तो गेला. डॉक्टरांनी मान हलवली तरी मी दाबत राहायला हवं होतं. मीच 'पुरे' म्हणाले. हे मी कुणाला बोलले नाही कधी."

सदानंद त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसले.

"'पुरे' तू नव्हतं म्हटलंस," ते म्हणाले.

"मला माहितेय मी काय म्हणाले ते."

"तू थांबतच नव्हतीस, एस्तेर. डॉक्टर बाजूला झाले, कंपाउंडर डोळे पुसत बाहेर गेला आणि तू दाबतच होतीस. 'पुरे' मी म्हणालो. मी तुझे हात धरून तुला मागे ओढली. तू सोडेनास. तू मला चावलीस." त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपराखाली एक फिकट, अर्धगोल वण होता. एस्तेरबाईंनी तो आयुष्यभर पाहिला होता. लोखंडी कॉटच्या पत्र्याने कापलं, असं त्यांना सांगितलेलं होतं.

"पुढे तू 'मी थांबले' असं बोलायला लागलीस. तापात, झोपेत. आणि मी ते दुरुस्त केलं नाही."

"का?"

"तू मला सोडून गेली असतीस."

एस्तेरबाई उठल्या आणि एकट्याच घरी चालत आल्या. तीन दिवस त्या नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्रेचाळीस वर्षं दुसऱ्याचं पाप आपण पदरात बाळगलं, याचा त्यांना इतका संताप आला होता की भाकरी थापताना परात हलत होती. आणि त्याच वेळी अंगातून काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं. ते हात थांबले नव्हते. त्यांना आठवायला लागलं. तोंडात आलेली सदऱ्याच्या खादीची चव आठवली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप नवऱ्याजवळ ठेवला, त्याचा हात ओढून घेतला आणि चष्मा लावून तो वण नीट पाहिला.

"दात चांगले होते माझे," त्या म्हणाल्या.

सदानंदांना हसावं की रडावं कळेना. मग दोघांनाही दोन्ही आलं.

पुढची अडीच वर्षं शमू त्या घरात पुन्हा वावरला. इतकी वर्षं त्याच्याविषयी फक्त प्रार्थनेत बोललं जायचं, आता जेवताना बोललं जाऊ लागलं. भोपळ्याची भाजी तो खिशात लपवायचा आणि धुताना सापडायची. घरासमोरच्या एसटी थांब्यावर बसून तो कंडक्टरांची नावं पाठ करायचा. दूरदर्शनवर बातम्या लागल्या की निवेदिकेला 'नमस्कार' म्हणायचा, कारण ती आधी नमस्कार करते आणि उत्तर न देणं बरं नाही. त्याला दाढीच्या ब्रशने स्वतःच्या गालाला फेस लावून घ्यायला आवडे. हे सगळं खरंच झालं होतं की म्हातारपणी आपण रचतोय, यावर दोघांचे वाद होत. "कंडक्टरचं नाव आव्हाड होतं." "आव्हाड ड्रायव्हर. कंडक्टर गीते." एकदा या वादापायी पाळकसाहेबांनी नाशिकला निवृत्त झालेल्या एका आगारप्रमुखाला फोन लावला होता. एस्तेरबाई पुन्हा चर्चला जाऊ लागल्या. विश्वास परत आला म्हणून नव्हे. तिथे त्यांच्या पोराच्या हसण्याची आठवण सर्वांत स्पष्ट यायची, म्हणून.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डॉक्टर टिळेकरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हृदय थकलंय. पुन्हा थांबलं तर उठवता येईल, पण या खेपेला वाचा परत येईलच असं नाही, माणसं ओळखतील असंही नाही.

घरी आल्यावर एस्तेरबाईंनी नकाराचा कागद टेबलावर ठेवला. "काय ते लिहून ठेवा."

सदानंदांनी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "मी लिहिणार नाही. एकदा तुझे हात मी धरले होते, तुला न विचारता. या वेळी तू ठरव. उठवायचं वाटलं तर उठव. मी येईन. कसाही येईन."

"हे ओझं माझ्यावर टाकताय."

"टाकतोय खरं."

त्या चिडल्या, कागद फडताळात कोंबला, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण कागद कोराच राहिला.

ऑक्टोबरात, एका शुक्रवारी सकाळी सहा चाळीसला, पाळकसाहेब ओसरीवर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मांडीवर वर्तमानपत्र होतं. एस्तेरबाईंनी मानेवर बोटं ठेवली, घड्याळात पाहिलं आणि बटण दाबलं. या खेपेला त्यांनी छाती दाबली नाही. शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना आत पलंगावर निजवलं आणि हात हातात घेऊन बसल्या.

गाडीबरोबर सुवर्णा घुले आल्या होत्या. पन्नाशीच्या, केसांत चांदी आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गार करणारी चादर गुंडाळली, नळ्या जोडून ठेवल्या. "सिस्टरबाई, यंत्र सुरू करू?"

"थांबा जरा."

"मला दर तासाला विचारावं लागेल. नियम आहे."

"विचारा."

या बारा तासांना गावात 'राखण' म्हणत. राखणीच्या घरात कुणी रडत नसे. संध्याकाळी माणूस उठून बसण्याची शक्यता असताना रडायचं कसं? त्यामुळे बातमी कळली तशी माणसं आली आणि अंगणात, लिंबाखाली, नुसती उभी राहिली. बायकांनी पदर तोंडाशी धरले होते, पण डोळे कोरडे ठेवले होते. आपसांत पावसापाण्याचं बोलत होती. दौलतराव काठी टेकत आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांना हे बसणं ठाऊक होतं.

सात चाळीस. आठ चाळीस. नऊ चाळीस. दर वेळी सुवर्णाताई आत येत आणि विचारत. दर वेळी एस्तेरबाई म्हणत, "इतक्यात नको."

एकदाच नकार देऊन मोकळं होता येत नव्हतं. तो दर तासाला नव्याने द्यावा लागत होता. मधली साठ मिनिटं दार उघडं होतं आणि त्या दाराशी त्या एकट्या होत्या. अकराच्या सुमाराला त्यांना आठवलं की काल रात्रीच्या कालवणाला मीठ जास्त झालं होतं आणि पाळकसाहेबांनी ते निमूट खाल्लं, त्याबद्दल आपण काही बोललोच नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टीने त्यांचा धीर सुटला. अकरा चाळीसला सुवर्णाताई आत आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "सुरू करा."

सुवर्णाताईंनी बटणावर बोट ठेवलं आणि थांबल्या. "एकदा सुरू केलं की मधे बंद करता येत नाही, सिस्टरबाई."

एस्तेरबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो माणूस बोलावलं तर येणार होता. कसाही येईन, म्हणाला होता. वाचा नसलेला, शमूचं नाव विसरलेला, तरी येणार होता, त्यांच्याखातर. त्यांनी सुवर्णाताईंचा हात अलगद बाजूला केला.

"नको. राहू द्या."

आणि मग त्या बोलायला लागल्या. पलंगाजवळ खुर्ची ओढून, मिठापासून सुरुवात करून. लग्न ठरलं तेव्हा हा काळा मुलगा नको म्हणून आपण दोन दिवस रुसलो होतो, ते सांगितलं. पहिल्या प्रवचनात ते तीनदा अडखळले आणि आपण मोजत होतो, ते सांगितलं. शमूला निजवून आपण चर्चच्या गच्चीवर जात असू आणि कारखान्याची चिमणी बघत बसत असू, ते सांगितलं. ऐकणारा ऐकतो आहे की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. दर तासाला दार उघडे, 'नको' म्हणून त्या पुढे सुरू करत.

चार वाजता प्रफुल्ल साळवे आत आले. उद्याच्या विधीचं विचारायचं होतं. चाचरत म्हणाले, "बाई, कबरेपाशी काय म्हणू? साहेबांनी ते 'देवाने नेलं' म्हणायचं सोडलं होतं."

"नेलं म्हणू नका," एस्तेरबाई म्हणाल्या. "या वेळी कुणी नेलं नाही. मी देतेय. सकाळपासून देतेय."

"कुणाला, तेही म्हणू?"

त्यांनी विचार केला. "त्यांना भरवसा होता, तेवढं म्हणा. मला अजून नक्की ठाऊक नाही. पण देताना हात रिकाम्या जागी गेल्यासारखा वाटत नाही, एवढं खरं."

सहा चाळीसला बाहेर अंधार पडत आला होता. सुवर्णाताई शेवटचं विचारायला आल्या आणि या खेपेला त्यांनी नुसतं पाहिलं. एस्तेरबाईंनी मान हलवली. यंत्राचा हिरवा दिवा मालवला. एकतीस वर्षं वॉर्डात जे काम केलं होतं तेच त्यांनी आता केलं. चादर काढली, हात सरळ केले, केसांवरून ओला रुमाल फिरवला.

"वेळ लिहा," त्या म्हणाल्या. "सहा चाळीस."

मग पदर सारखा करून त्या ओसरीवर आल्या. अंगणात शंभरेक माणसं सकाळपासून ताटकळत उभी होती. सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे वळले. दौलतराव काठीवर भार देऊन उठले.

"झालं," एस्तेरबाई म्हणाल्या. "आता रडा."

पण कुणी काही करण्याच्या आधी त्यांचाच हुंदका फुटला, मोठ्याने, लहान पोरीसारखा, आणि मग सगळं अंगण त्यांच्यामागोमाग रडलं.